आजोळ आणि माहेर: तळोद्याची बारगळ गढी

नंदुरबारहून बाहेर पडलं की हिवाळ्यात सगळ्यात आधी मिरची भेटते. शहराबाहेरच्या मोकळ्या माळांवर पथाऱ्या पडलेल्या असतात. ओली लाल मिरची एकरच्या एकर पसरलेली, आणि तोंडाला फडकी बांधून बसलेल्या बाया देठं खुडत असतात. गाडीच्या काचा बंद असल्या तरी ठसका लागतोच. पुढे शेतं सुरू होतात. कापूस, तूर, ऊस, मधूनच पपईच्या बागा. मग तापी येते. हातोड्याजवळ नदीवर पूल झाल्यापासून तळोदा नंदुरबारच्या बरंच जवळ आलं आहे. पूर्वी प्रकाशावरून वळसा घालूनच जावं लागे. पूल ओलांडताना उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग दिसू लागते आणि तळोद्यापर्यंत ती नजरेआड होत नाही.

मी निघालो होतो ते तळोद्याची बारगळ गढी पाहायला. होळकरांचा इतिहास वाचताना हे नाव पहिल्या दोन पानांत येतं आणि मग पुसल्यासारखं होतं. होळ, इंदूर, महेश्वर, चांदवड, वाफगाव ही गावं पुढे पुन्हा पुन्हा येतात. तळोदा एकदाच येतं. ‘मामाच्या घरी वाढले’ एवढ्या तीन शब्दांत लहानपण उरकून चरित्रकार घराण्याच्या मूळपुरुषाला, मल्हाररावांना, लढाईवर पाठवून देतात. माझ्या मते हा त्या गावावर अन्याय आहे. मल्हारराव होळकर या गावात वाढले, घोड्यावर बसायला शिकले, याच घरची मुलगी त्यांना दिली गेली. त्या मुलीनं पुढे जे उभं केलं, त्याच्या बळावर अहिल्याबाईंची पुष्कळशी बांधकामं झाली. मराठ्यांच्या इतिहासात इतकं देणं असलेलं घर तालुक्याच्या एका गावात उभं आहे आणि जिल्ह्याबाहेर त्याचं नावही फारसं कुणाला माहीत नाही.

हा मुलूख आज महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला. पश्चिमेला गुजरात आहे आणि उत्तरेला डोंगर चढून उतरलं की नर्मदा. पुण्या-मुंबईकडून पाहणाऱ्याला हा कोपरा फार लांबचा वाटतो, पण तीन-चारशे वर्षांपूर्वी हे ठिकाण कोपऱ्यात नव्हतं. अकबराच्या काळात नंदुरबार हा माळवा सुभ्यातला एक ‘सरकार’ होता, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा. सुरत बंदरातून बऱ्हाणपूरकडे आणि तिथून आग्ऱ्याला जाणारे तांडे नंदुरबारवरून जात. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो 1615 साली बादशहाच्या दरबाराकडे जाताना याच वाटेनं गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याच वाटेनं फिरला आणि नंदुरबारच्या समृद्धीची नोंद करून गेला. व्यापाराची वाट असली की चौकी लागते, चौकीला स्वार लागतात आणि स्वार ठेवणारी घराणी त्या वाटेवर वस्ती करतात. तळोद्याचे बारगळ हे असंच एक घराणं. तळोदा तेव्हा सुलतानपूर परगण्यात मोडत असे.

गावात शिरल्यावर लाकडाची आठवण होते. आजही इथल्या जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांना सागाचं जाडजूड लाकूड दिसतं. 1880 च्या खानदेश गॅझेटियरच्या काळात तळोदा ही खानदेशातली लाकडाची मोठी बाजारपेठ होती. सातपुड्यातून उतरलेला साग इथं विकला जाई आणि खानदेशातल्या सगळ्यात चांगल्या बैलगाड्या तळोद्यात बनत, अशी त्या काळची ख्याती. दुसरा धंदा रोशा तेलाचा. डोंगरउतारांवरचं रोशा गवत तांब्याच्या भांड्यात उकळून, वाफ थंड करून हे सुगंधी तेल काढत. मुंबईमार्गे ते तांबड्या समुद्रापलीकडे जाई आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. 1867 साली इथं नगरपालिका आली. एवढ्याशा गावात इतक्या लवकर नगरपालिका यावी, ही या बाजारपेठेची पुण्याई.

गढी शोधावी लागत नाही. बसस्थानकाजवळच्या टपरीवर चहा घेताना एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, तर त्यांनी मान न वळवता हात केला. “सरळ जाय भाऊ, मोऱ्हे गढी दिसस.” या भागात अहिराणी, गुजर बोली, भिली, पावरी आणि गुजराती एकाच बाजारात ऐकू येतात. दुकानदार समोरच्या गिऱ्हाईकाप्रमाणे बोली बदलतो.

बाजाराच्या गजबजाटातून पुढे गेलं की आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच असलेली गढी समोर येते. पुण्यातला वाडा आणि खानदेशातली गढी यांतला फरक इथं उभं राहिलं की लगेच कळतो. पुण्याचा वाडा सरकारी फौजेच्या भरवशावर उभा असतो, म्हणून तो रस्त्याकडे खिडक्या-सज्जे मोकळे ठेवतो. गढी कुणाच्याच भरवशावर नसते. तिला स्वतःचा बुरूज हवा, स्वतःची विहीर हवी, धान्याचं पेव हवं आणि बाहेरून कुणी आलं तर बंद करता येईल असा एकच भक्कम दरवाजा हवा. ती राहायचं घर असते, कचेरी असते, कोठार असते आणि वेळ पडली तर किल्लाही. सगळं गाव संकटात आत घेता येईल एवढी जागा मोठ्या गढ्यांमध्ये ठेवलेली असे.

गढी ही बारगळ घराण्याची खासगी वास्तू आहे. तेव्हा ती पाहायची ती आपण पाहुणे आहोत हे लक्षात ठेवून. दार दिसलं म्हणून आत घुसावं, भिंतीला टेकून फोटो काढावा असं हे ठिकाण नाही. मी बराच वेळ बाहेरूनच हिंडलो. एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. आज उभं असलेलं सगळं बांधकाम मल्हाररावांच्या लहानपणचं आहे असं समजू नये. मातीच्या गढ्या दर पिढीत दुरुस्त होतात, पावसात पडलेला भाग पुन्हा उचलला जातो, विटा बदलतात, लाकूड मात्र एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत लागतं. जागा तीच, घराणं तेच, आणि वास्तू पिढ्यांच्या हातून फिरत आलेली. जुन्या घराचं हेच खरं वय असतं.

या बांधकामाची जात पाहायची असेल तर गढीपेक्षा गावातल्या गल्ल्या बोलक्या आहेत. एका बोळात पडीक घराची भिंत अर्धी कोसळलेली होती आणि तिचा छेद अगदी हाताशी आला होता. खाली गुडघाभर काळा दगड, तोही घडीव नाही, नदीनाल्यातून वेचलेला. त्यावर पांढऱ्या मातीचा दोन हात रुंदीचा थर. जवळून पाहिलं तर त्या मातीत गव्हाच्या काडाचे तुकडे, तागाचा धागा आणि मधेच खापराचा कपचा दिसत होता. बोटानं दाबून पाहिलं, तर इतक्या पावसाळ्यांनंतरही माती सुटत नव्हती. भिंतीत दर काही हातांवर साग आडवा घातलेला. भिंत खचू लागली तरी ती एकदम फाटू नये म्हणून. वर धाब्याचं छत. सागाच्या तुळया, त्यांवर लाकडी फळकुटं, त्यावर पालापाचोळा आणि शेवटी खाऱ्या मातीचा जाड थर. खारी माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून धाबं गळत नाही. पण दर पावसाळ्याआधी त्यावर नवी खारी टाकून चोपावी लागते. एक वर्ष चुकलं की पाणी आत शिरतं, दोन वर्षं चुकली की तुळई कुजते. अशी घरं माणसाशिवाय टिकत नाहीत. खानदेशातल्या कित्येक गढ्या आज मातीचे ढिगारे होऊन पडल्या आहेत, त्याचं कारण शत्रू नव्हे. घराणी शहरात गेली आणि खारी टाकायला कुणी उरलं नाही, एवढंच.

आता त्या मुलाची गोष्ट, जो इथं वाढला.

मल्हारराव 16 मार्च 1693 रोजी नीरेकाठच्या होळ गावात जन्मले. वडील खंडोजी. धनगराचं घर, मेंढरं आणि थोडी शेती. मल्हार तीनेक वर्षांचा असताना खंडोजी वारले. भाऊबंदांशी पटेना, तेव्हा आईनं मुलाला उचललं आणि थेट खानदेश गाठलं, आपला भाऊ भोजराज बारगळ याच्याकडे. नीरेपासून तापीपलीकडचं तळोदा हे अंतर आजही मोटारीनं दिवस खाणारं आहे. तेव्हा घाट आणि नद्या पार करत, विधवा बाईनं लहान मुलाला घेऊन ते कापायचं म्हणजे केवढं धाडस! माळव्याचा कारभार पाहिलेल्या जॉन माल्कमनं, मराठी बखरकारांनी, पुढच्या चरित्रकारांनी मल्हाररावांच्या तलवारीबद्दल पुष्कळ लिहिलं. त्या आईच्या या प्रवासाबद्दल कुणी पानभरही लिहिलं नाही. ती निघाली नसती तर मल्हार कदाचित होळातच मेंढरं राखत राहिला असता.

तळोद्यात आल्यावरही त्यानं मेंढरं राखलीच. इथं सर्पाची ती प्रसिद्ध आख्यायिका येते. दुपारी झाडाखाली झोपलेल्या मुलाच्या तोंडावर ऊन येत होतं आणि नागानं फणा काढून सावली धरली. मामानं किंवा आईनं ते पाहिलं आणि पोराच्या नशिबी राज्य आहे असं ठरून त्याच्या हातातली काठी गेली, घोडा आला. माल्कमनं 1823 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट नोंदवली आणि तेव्हापासून ती प्रत्येक चरित्रात आहे. राज्य मिळवलेल्या माणसांबद्दल अशा नागाच्या गोष्टी आपल्याकडे अनेक घराण्यांत सांगतात. मला तिच्यातला नाग महत्त्वाचा वाटत नाही, मामा महत्त्वाचा वाटतो. भाच्यात काही आहे हे भोजराजांनी ओळखलं आणि त्याला घरकामाला न जुंपता आपल्या पागेत घेतलं. पोरक्या भाच्याला भाकरी देणारे मामा पुष्कळ असतील. त्याला घोडा देणारा मामा मात्र दुर्मिळच.

भोजराज हे सरदार कदमबांड्यांच्या पदरी होते आणि त्यांचं स्वारांचं एक छोटं पथक होतं. कंठाजी कदमबांडे हे त्या काळचं खानदेश-गुजरातेतलं मोठं नाव. तोरखेडा, रनाळे ही याच जिल्ह्यातली गावं आजही कदमबांड्यांच्या नावानं ओळखली जातात. त्या काळच्या फौजेत स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरदाराचा घोडा वापरणारा तो बारगीर. मामाच्या पागेतून मल्हार कदमबांड्यांच्या स्वारांत गेला आणि तिथं त्याचं नाव झालं. 1721 च्या सुमारास तो बाजीराव पेशव्यांकडे आला. पण जुन्या धन्याला विसरला नाही. होळकरांचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं त्रिकोणी निशाण मूळ कदमबांड्यांचं. मल्हाररावांनी ते त्यांच्या संमतीनं घेतलं आणि मोठं राज्य मिळाल्यावरही बदललं नाही. पुढे अटकेच्या वाटेवर पंजाबात गेलेल्या होळकरांच्या स्वारांपुढे जे निशाण होतं, ते तापीकाठच्या या मुलखातून निघालेलं होतं.

घोड्याचा हा संस्कार या भागात अजून शाबूत आहे. तळोद्यापासून तापीच्या वरच्या अंगाला सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेपेक्षा मोठा भरतो तो घोडेबाजार. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. घोड्याचा दात पाहणारे, टापेचा आवाज ऐकून पाय ओळखणारे म्हातारे जाणकार तिथं अजून भेटतात. मार्गशीर्षात येणाऱ्यानं गढी आणि सारंगखेडा एकाच फेरीत पाहावं. मल्हार कोणत्या वातावरणात वाढला ते पुस्तकापेक्षा त्या बाजारात लवकर कळतं.

1717 साली भोजराजांनी आपली लेक गौतमा मल्हाररावांना दिली. तेव्हा मल्हारराव सरदार नव्हते, पेशव्यांच्या चाकरीतही नव्हते. मामाच्या आश्रयानं वाढलेला एक होतकरू स्वार, एवढीच त्यांची ओळख. आणि तळोद्याच्या घराचं सगळ्यात मोठं देणं मी मानतो ते हेच. मल्हारराव या घरात वाढले ते आश्रित म्हणून. गौतमाबाई या घरातून गेल्या त्या लेक म्हणून, घरकारभाराचं शिक्षण घेऊन.

गढीतल्या मुलीला कारभार शिकवावा लागत नाही, तो तिच्या डोळ्यांसमोर रोज चाललेला असतो. कोठारात किती पायल्या आल्या, स्वारांच्या दाण्याला किती गेल्या, कुणाचा हप्ता थकला, सावकाराचं व्याज किती झालं, पाहुण्या सरदाराला कोणता मान द्यायचा, हे सगळं माजघरापर्यंत पोचत असतं. पुरुष मोहिमेवर गेला की हिशोब बायकांच्या हाती येतो. मल्हाररावांचं आयुष्य तर घोड्यावरच गेलं. 1728 साली पालखेडला निजामाची कोंडी, मग माळवा, 1737 साली दिल्लीपर्यंत धडक, 1739 साली वसई, पुढे उत्तर हिंदुस्थान, पंजाब, पानिपत. इतक्या वर्षांत घर, खजिना, पत्रव्यवहार आणि मागची रसद कुणी सांभाळली याचं उत्तर गौतमाबाई हेच आहे.

1734 साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली. होळकरांच्या इतिहासात ती ‘खासगी’ म्हणून ओळखली जाते. माळव्यातली आणि दक्षिणेतली गावं मिळून तिचं वार्षिक उत्पन्न सुमारे 3 लाख रुपये होतं. ही रक्कम त्या काळी एखाद्या मध्यम सरदाराच्या जहागिरीला लाजवील अशी. हिचं वेगळेपण असं की ती दौलतीत मिसळलेली नव्हती. दौलत म्हणजे राज्य, त्यातून फौज पोसायची, पेशव्यांचं देणं द्यायचं. खासगी म्हणजे घरच्या मुख्य बाईची मालमत्ता. तिचा हिशोब वेगळा, कारभारी वेगळे, खर्चाचा हुकूम तिचा. लढाईत सगळं गेलं तरी हे राहावं, असा त्यामागचा विचार. मराठी राज्यात बाईच्या नावे इतकी मोठी, कायम चालणारी आणि हिशोबानं वेगळी ठेवलेली जहागीर मला दुसरी आठवत नाही.

गौतमाबाईंच्या हाताखाली सून तयार झाली, ती अहिल्याबाई. चौंडीच्या पाटलांची ही मुलगी 1733 साली लग्न होऊन होळकरांकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती. तिला अक्षरओळख, हिशोब, न्यायनिवाडा शिकवला त्यात मल्हाररावांचं नाव सगळे घेतात. सासूचं नाव क्वचित येतं. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात गौतमाबाईंचा एकुलता मुलगा खंडेराव तोफेचा गोळा लागून मारला गेला. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, त्यांना सासू-सासऱ्यांनी थांबवलं. 1761 हे पानिपताचं वर्ष, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात गौतमाबाई गेल्या. खासगी अहिल्याबाईंकडे आली.

पुढचं सगळ्या भारताला माहीत आहे. काशी विश्वनाथाचं 1780 च्या सुमाराचं मंदिर, सोमनाथ, गया, महेश्वरचे घाट, ठिकठिकाणच्या विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं. हा पैसा रयतेच्या करातून, दौलतीतून काढला नव्हता. त्यातला फार मोठा भाग खासगीतून आला. बाईंनी राज्याचा पैसा देवाला दिला नाही, स्वतःचा दिला, हे अहिल्याबाईंबद्दल आदरानं सांगितलं जातं ते खरं आहे. पण तो ‘स्वतःचा’ पैसा उभा केला होता गौतमाबाईंनी, आणि गौतमाबाई तळोद्याच्या. ही खासगी इतकी भक्कम निघाली की होळकरांचं राज्य 1948 साली विलीन झाल्यावरही तिच्या देवस्थानांचा व्याप उरलाच होता आणि त्यासाठी 1962 साली इंदुरात स्वतंत्र न्यास करावा लागला. 2025 साली अहिल्याबाईंच्या जन्माला 300 वर्षं झाली, देशभर सोहळे झाले. त्या सोहळ्यांत तळोद्याचा उल्लेख मी शोधत होतो. फारच थोड्या ठिकाणी सापडला.

इंदूरच्या राजवाड्याशी या घराची तुलना करण्याचा मोह होतो. तो राजवाडा मल्हाररावांनी 1747 साली सुरू केला. सात मजली, अर्धा दगडाचा, अर्धा लाकडाचा. 1801, 1908 आणि 1984 अशा तीन वेळा तो जळाला आणि आतला जळालेला भाग या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उभारला गेला. आज इंदूरला जाणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर उभा राहतो. तो होळकरांच्या वैभवाचा वाडा आहे. तळोद्याची गढी होळकरांच्या गरजेच्या दिवसातली आहे. ज्या दिवशी त्यांच्याकडे काहीही नव्हतं त्या दिवशी जिनं दार उघडलं, ती ही वास्तू.

होळकरांनी या मुलखाला परत काय दिलं, हा प्रश्न मला गढीपासून सुलतानपूरकडे घेऊन गेला. सुलतानपूर आज शहाद्याच्या बाजूचं एक गाव आहे. ज्या परगण्यात मल्हारराव वाढले, त्याचं हे मुख्य ठिकाण. 1802 साली यशवंतराव होळकरांची फौज इथं आली. स्थानिक देसायानं साथ द्यायला नकार दिला, तेव्हा यशवंतरावांनी भिल्ल टोळ्यांना शहर लुटायला मोकळं सोडलं. गॅझेटियर म्हणतं की थोड्याच दिवसांत शहर ओस पडलं. पुढच्याच वर्षी, 1803-04 च्या दुष्काळानं उरलंसुरलं खानदेश रिकामं केलं. शिंदे-होळकरांच्या भांडणात पुणं लुटलं गेलं ते आपण शाळेत शिकतो. सुलतानपूर शिकत नाही. मूळपुरुषाला ज्या परगण्यानं वाढवलं, तोच परगणा त्याच्या नावाच्या फौजेनं उजाड करावा, ही मराठी इतिहासातली अतिशय दुःखद गोष्ट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

1817 च्या डिसेंबरात महिदपूरला होळकर हरले. 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहानं सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख त्यांनी सोडला. तळोदा इंग्रजांकडे गेलं, गढीतले स्वार घरी बसले, जहागीरदार मात्र राहिले. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या दशकात कायद्यानं इनामं-जहागिऱ्या संपल्या आणि गढी हे फक्त घर उरलं.

आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय तळोद्याचं वर्णन पुरं होत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातली दोन तृतीयांशाहून अधिक माणसं आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, गावित, मावची. गढीच्या आतल्या माणसाला तिची भिंत आसरा वाटली असेल, बाहेरच्या भिल्लाला ती सारावसुलीची भिंत वाटली. दोघांचं म्हणणं खरं आहे. तळोदा तालुक्यातच मोरवडच्या गुलाम महाराजांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायला सांगून दारू सोडायची, स्वच्छ राहायची चळवळ उभी केली. 1938 साली ते गेले तरी चळवळ वाढतच गेली. 2 मार्च 1943 रोजी रावलापाणी इथं इंग्रज पोलिसांनी तिच्या निःशस्त्र अनुयायांवर गोळ्या झाडल्या. त्यात 15 जण मारले गेले. नाल्याच्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात. गढी पाहणाऱ्यानं रावलापाणीला गेल्याशिवाय परतू नये. रस्ता विचारला की कुणीही सांगतं. एकाच तालुक्यातल्या या दोन जागा पाहिल्या तर या भागाचा तीनशे वर्षांचा इतिहास दोन्ही अंगांनी समजतो.

परतताना मी हातोड्याचा पूल टाळून मुद्दाम प्रकाशावरून आलो. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे क्षेत्र, लोक याला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर ही देवळं नदीच्या काठावर आहेत आणि घाटावर दशक्रियेची गर्दी असते. तळोद्याहून निघणारे स्वार दक्षिणेकडे जायचे ते इथूनच कुठेतरी नदी उतरत असावेत.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. नंदुरबार हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे 1900 साली इथं आली. तिथून तळोद्याला एसटी आणि खासगी गाड्या सतत असतात. मार्च ते जून टाळावा, ऊन फार असतं. श्रावणात सातपुडा हिरवागार असतो, पण मातीच्या वास्तू पाहायला कोरडे दिवस चांगले, म्हणजे दिवाळीनंतर माघापर्यंत. मुक्कामाला नंदुरबार किंवा शहादा सोयीचं. एक दिवस जास्त काढलात तर सातपुड्यातलं तोरणमाळही पाहून होतं.

खानदेशातल्या वाचकांना मात्र एक विनंती आहे. गढ्या वाचवणं फार खर्चाचं आहे आणि प्रत्येक घराण्याला ते झेपणार नाही, हे मान्य. पण गढीपेक्षा लवकर नष्ट होतात ते कागद. तुमच्या घरच्या माळ्यावर, पेटीत, देवघराच्या कपाटात मोडीतली सनद, वहीखातं, वतनाचा निवाडा, लग्नाच्या खर्चाची यादी, काहीही असेल तर ते रद्दीत घालू नका. गौतमाबाईंच्या माहेरची एखादी यादी, भोजराजांच्या पथकाचा एखादा हिशोब अशाच कुठल्यातरी पेटीत असू शकतो. धुळ्याला 1927 पासून इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ हेच काम करत आलं आहे. कागद देऊन टाकायची गरज नाही. तिथं नेऊन दाखवा, त्यांची नक्कल होऊ द्या आणि मूळ कागद परत आणून घरी ठेवा.